टीचर, तुम्ही आजारी नव्हता



यंदाच्या ११ फेब्रुवारीला, लूर्ड्‌स मातेच्या सणाच्या दिवशी, आपल्या चर्चमध्ये नेहमीप्रमाणे आजाऱ्यांसाठी मिस्सा झाली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली हा दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून ठरवून दिला व १९९३ पासून तो जगभर पाळला जातो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आपल्याकडेही तयारी चांगली होती. पुढचे चार बाक राखून ठेवले होते. युवकांनी रिक्षा ठरवून आजी-आजोबांना घरून आणले. महिला मंडळाने फळांच्या पिशव्या भरल्या. मिस्सेत रुग्णाभ्यंगाचा साक्रामेंत दिला गेला, फोटो निघाले, आणि पुढच्या रविवारी ही पत्रिका काढणाऱ्या आम्ही पाच जणांनी त्यांतला एक फोटो मोठ्या आकारात छापला.

फोटोत व्हीलचेअरवर बसलेल्या एक बाई होत्या. खाली आम्ही ओळ दिली होती : दुर्दैवाने पाय गमावूनही श्रद्धा न गमावलेली आपली एक भगिनी.

त्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर त्या बाई स्वतः आम्हाला भेटायला आल्या. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुले त्यांच्याकडे शिकली आहेत, म्हणून त्यांना येथे फक्त टीचर म्हणू. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून त्यांच्या दोन्ही पायांत बळ नाही. कॅलिपर आणि कुबड्या घेऊन त्या शाळा-कॉलेज शिकल्या, पुढे खांदे दुखू लागले तेव्हा व्हीलचेअर घेतली. दहावीच्या गणिताच्या शिकवण्या त्या पंचवीस वर्षांहून अधिक काळ घेत आहेत. त्यांनी आवाज चढवला नाही. पत्रिका आमच्यापुढे धरली आणि म्हणाल्या, “हे मी वाचले. आता मला सांगा, मी आजारी कुठे आहे?”

मग त्यांनी त्या दिवशी काय झाले ते सांगितले. त्या मिस्सेला आल्या होत्या त्या शेजारच्या आजीला सोबत म्हणून. आपल्या नेहमीच्या जागी, बाजूच्या दाराशी, त्या थांबल्या असताना एक स्वयंसेवक मागून आला आणि काही न विचारता खुर्ची ढकलत पुढच्या रांगेत घेऊन गेला. कोणी तरी त्यांच्या मांडीवर फळांची पिशवी ठेवली. फादर पवित्र तेल घेऊन समोर आले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “फादर, मी आजारी नाही.” फादरांनी त्यांच्याकडे पाहिले, किंचित थबकले, हात जोडले आणि पुढे गेले. पण मागच्या बाकावरून कुजबुज ऐकू आलीच. एवढा अभिमान बरा नव्हे, असे कोणीतरी म्हणाले.

बंधुभगिनींनो, त्या कुजबुजीत आमच्यापैकीही एक जण होता. म्हणून हा लेख आम्ही उपदेश म्हणून लिहीत नाही. चूक आमची आहे, आणि ती नेमकी कुठे झाली हे शोधताना मनात जे आले ते तुमच्यापुढे ठेवत आहोत.

पहिला प्रश्न असा की यात वाईट ते काय केले? स्वयंसेवक चांगला मुलगा आहे. फळे प्रेमाने दिली होती. आमची ओळही स्तुतीचीच होती, निदान आम्हाला तसे वाटले. कोणाच्याही मनात खोट नव्हती. मग दुखावले कोण आणि कशाने?

रुग्णाभ्यंग हा गंभीर आजारात किंवा वार्धक्याने खंगलेल्यांसाठी असलेला साक्रामेंत आहे. टीचरना ताप नव्हता, शस्त्रक्रिया व्हायची नव्हती. आदल्या रात्री नऊपर्यंत त्यांनी मुलांकडून प्रमेये सोडवून घेतली होती. तरी त्यांची खुर्ची दिसली आणि आपण त्यांना आजाऱ्यांच्या रांगेत बसवले. त्याच चर्चमध्ये मधुमेह, रक्तदाब आणि हृदयात स्टेंट घेऊन बसलेले आम्ही मात्र धडधाकट ठरलो, कारण आम्ही पायांवर उभे होतो. कोण आजारी हे आपण डोळ्यांनी ठरवले. विचारले नाही.

न विचारणे हीच खरी गोम आहे असे आम्हाला वाटते. संत मार्कच्या शुभवर्तमानातील यरीहोचा आंधळा बार्तीमय आठवा. तो रस्त्याच्या कडेला बसून प्रभूला हाका मारत होता आणि लोक त्याला दटावून गप्प बसवत होते. प्रभू थांबला, त्याला बोलावून घेतले, आणि मग काय केले? तुझ्यासाठी मी काय करावे, असे त्याला विचारले. आंधळ्याला काय हवे हे लहान पोरही सांगेल. प्रभूला ते कळत नव्हते असे तर आपण म्हणणार नाही. तरीही त्याने विचारले. सगळे गाव ज्याला गप्प करत होते त्याला प्रभूने आपली मागणी आपल्या तोंडाने करू दिली. त्याच शुभवर्तमानात एका बहिऱ्या-तोतऱ्या माणसाची गोष्ट आहे. प्रभू त्याला गर्दीपासून बाजूला नेतो आणि मग बरे करतो. त्याचे प्रदर्शन मांडत नाही. आम्ही मात्र फोटो काढला.

दया आणि आदर या दोन गोष्टी आपण एकच समजतो. दया करणारा वर असतो, घेणारा खाली. भुकेल्याला जेवू घालताना तसे झाले तरी चालून जाते, कारण पोट भरले की तो उठून आपल्या वाटेने जातो. पण ज्याला जन्मभर आपल्यामध्येच राहायचे आहे त्याच्याशी आपण फक्त दयेनेच वागलो तर तो जन्मभर खालीच राहील. टीचर म्हणाल्या, “तुम्ही माझ्याशी वाईट वागला असतात तर मला भांडता तरी आले असते. तुम्ही चांगले वागता, म्हणून मी काही बोलले की मीच कृतघ्न ठरते.” या वाक्याने आमची झोप उडाली हे कबूल करतो.

मग आम्ही आपल्याच बोलण्याकडे कान देऊ लागलो. आपल्या मराठीत आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. वासरांत लंगडी गाय शहाणी होते. सबब पटली नाही की ती लंगडी असते, सरकारने ऐकले नाही की ते बहिरे असते. गावात एखाद्याचे पाळण्यातले नाव कोणाला आठवत नाही, पण त्याच्या पायावरून किंवा डोळ्यावरून पडलेले नाव तीन पिढ्या चालते. मुलगा सुदृढ असला तरी तो ‘लंगड्याचा’ असतो. या म्हणी भाषेतून खरवडून काढाव्या असे आमचे म्हणणे नाही. भाषा काही चुन्याने रंगवलेली भिंत नव्हे. पण धर्मशिक्षणाच्या वर्गात चष्मेवाल्या मुलाला ‘आंधळा’ म्हणून सगळा वर्ग हसतो आणि शिकवणारी ताईही हसते, तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एखाद्या मुलाला घरी गेल्यावर काय वाटत असेल, याचा विचार करायला काही खर्च येत नाही.

शब्दांचे म्हणाल तर सरकारी कागदावर ते बदलत आले. अपंग म्हणत होतो, मग विकलांग म्हणू लागलो. २०१५ च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरील भाषणात दिव्यांग हा शब्द सुचवला आणि आता सर्व फलकांवर तोच आहे. काहींना तो आवडतो, काहींना बिलकूल आवडत नाही. टीचरना विचारले तर त्या म्हणाल्या, “माझ्या पायांत दिव्य असे काही नाही. नुसते अपंग म्हणा, चालेल, पण पायऱ्यांशेजारी उतार बांधा.” प्रत्येकाचे मत असेच असेल असे नाही. ज्याला जो शब्द हवा तो त्याला विचारून वापरावा हे बरे.

आता त्याहून कठीण गोष्टीकडे वळतो. आपल्या धर्मग्रामातील एक आई आम्हाला हा लेख लिहिताना मुद्दाम भेटली. तिच्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. तो आता बारा वर्षांचा आहे. तो जन्मला तेव्हा पहिल्या महिन्यातच घरी आलेल्या एका नातेवाईक बाईने विचारले होते, “कोणाचा शाप भोवला गं?” दुसऱ्या कोणी सांगितले, गरोदरपणी ग्रहणात सुरी हातात घेतली असशील. तिसऱ्यांनी सल्ला दिला की एका आरोग्यप्रार्थनेच्या सभेला ने. ती घेऊन गेली. मुलाच्या डोक्यावर हात ठेवले गेले. काही झाले नाही, तेव्हा व्यासपीठावरून नव्हे पण खाली उतरल्यावर एका प्रार्थना करणाऱ्याने तिला बाजूला घेऊन सांगितले की घरात कोणाची तरी श्रद्धा कमी पडते आहे, नीट पापनिवेदन करा. ती आई म्हणाली, “मला मूल बरे व्हायला नको होते. तो आजारी नाहीच. मला फक्त कोणी तरी म्हणायला हवे होते की छान आहे हो तुमचा बाळ.”

संत योहानच्या नवव्या अध्यायात हाच प्रश्न शिष्यांनी विचारला आहे. जन्मापासून आंधळा असलेला माणूस पाहून ते विचारतात की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापाने? प्रभूने दोन्हीही नाकारले. दोन हजार वर्षे आपण हा उतारा चर्चमध्ये ऐकतो आहोत. प्रायश्चित्तकाळात तो मोठ्याने वाचला जातो. तरी बाळंतिणीच्या खोलीत आपण शिष्यांचाच प्रश्न घेऊन जातो, प्रभूचे उत्तर दारात ठेवून. त्या अध्यायात पुढे काय होते तेही पाहावे. त्या माणसाला दृष्टी आल्यावर शेजारी, परुशी, सगळे त्याच्याबद्दल वाद घालतात, आईबापांना बोलावतात, आणि आईबाप घाबरून म्हणतात की तो वयात आला आहे, त्यालाच विचारा. भीतीपोटी का होईना, त्या गावात त्यालाच विचारा असे म्हणणारे कोणी तरी निघाले.

आम्ही प्रार्थनेविरुद्ध बोलत नाही. दुखणे बरे व्हावे म्हणून मागणे मागायला प्रभूनेच शिकवले. पण प्रत्येक कुबडी, प्रत्येक पांढरी काठी दिसली की ती फेकून दिली जावी अशीच प्रार्थना आपण करू लागलो, तर समोरच्या माणसाला आपण काय सांगतो? तू आहेस तसा पुरेसा नाहीस, हेच ना? उठलेल्या प्रभूच्या हातापायांवर आणि कुशीत जखमा तशाच होत्या. थोमाला त्याने त्याच दाखवल्या. गौरवी शरीरातही त्या पुसल्या गेल्या नाहीत, यावर आम्ही अलीकडे पुष्कळ विचार करतो.

त्याच आईने आणखी एक प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर आमच्यापाशी नाही. आपण जीवनरक्षणाच्या रविवारी गर्भपाताविरुद्ध बोलतो. २०२१ मध्ये कायदा बदलून गर्भपाताची मुदत काही स्त्रियांसाठी चोवीस आठवडे केली गेली आणि गर्भात गंभीर व्यंग आढळल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने ती मर्यादाही उरली नाही, तेव्हा आपल्याकडे त्यावर प्रवचन झाले होते. ती म्हणाली, “मला सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी विचारले होते. मी नाही म्हटले. मी तुमच्या प्रवचनातले ऐकले. मग माझा मुलगा जन्मल्यावर तुम्ही कुठे गेलात? वर्गातल्या मुलांचे वाढदिवस होतात, त्याला एकाही घरातून बोलावणे येत नाही. धर्मशिक्षणाला बसवला तर इतर मुलांचे लक्ष जाते म्हणून घरी शिकवा असे मला सांगितले. पहिले कम्युनियन त्याला वेगळ्या दिवशी, वेगळ्या मिस्सेत दिले, म्हणजे फोटो बिघडायला नको.” फोटोबद्दलचे तिचे अनुमान असेल, आम्हाला ठाऊक नाही. बाकीचे खरे आहे, आम्ही खात्री केली. जन्माला येण्याच्या हक्कासाठी आपण मोर्चे काढतो, आणि जन्माला आलेल्याला वाढदिवसाला बोलावत नाही. यातले कोणते अधिक सोपे आहे ते सांगायला नको.

अशी किती माणसे असतील आपल्यात? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. आपल्या धर्मग्रामात पाच हजार माणसे धरली तर त्या हिशेबाने एकशे दहा जण होतात. जागतिक आरोग्य संघटना तर जगातील सुमारे १६ टक्के लोकांना काही ना काही अपंगत्व आहे असे मानते. त्या मापाने आपल्यात आठशे निघतील. रविवारच्या तिन्ही मिस्सांत मिळून आम्ही मोजले तर चौदा दिसले. बाकीचे कुठे आहेत? काही घरी आहेत, कारण जिना उतरता येत नाही. काही घरी ठेवले आहेत, कारण बहिणीचे लग्न जमायचे आहे. कुटुंब नोंदणीच्या वेळी आतल्या खोलीचे दार लोटून घेतलेले आम्ही स्वतः पाहिले आहे आणि कार्डावर एक नाव कमी लिहिले आहे. आपण विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

आपल्या चर्चला उतार नाही असे कोणी म्हणू नये. उतार आहे. काही वर्षांपूर्वी एका दात्याने तो बांधून दिला. पण तो सॅक्रिस्टीच्या बाजूला आहे, त्याच्या तोंडाशी मोटारसायकली लागतात, वरच्या टोकाला सणावारी फुलझाडांच्या कुंड्या ठेवतात, आणि मिस्सा संपली की ते दार आधी बंद होते. उतार चढून आत आलेला माणूस चर्चमध्ये येतो, वेदीपर्यंत मात्र येत नाही. वेदीच्या आणि वाचनमंचाच्या तीन पायऱ्या तशाच आहेत.

या पायऱ्यांचा इतिहास जुना आहे. लेवीयच्या एकविसाव्या अध्यायात व्यंग असलेल्या याजकाला अर्पणासाठी वेदीजवळ जाण्यास मनाई केली आहे. गंमत अशी की त्याच ग्रंथात दोनच अध्याय आधी बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नये व आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये अशीही आज्ञा आहे. पहिली गोष्ट आपण शतकानुशतके नीट पाळली. १९१७ च्या धर्मसंहितेत, शारीरिक दोषामुळे वेदीची सेवा सुरक्षितपणे किंवा शोभेल अशा रीतीने करता येणार नाही त्याला धर्मगुरुपद घेण्यास अडसर मानला होता. १९८३ च्या नव्या संहितेत शारीरिक व्यंगाचा तो अडसर राहिला नाही. २०२४ च्या मे महिन्यात केरळात त्रिशूर येथे होली क्रॉस संघाचे फादर जोसेफ थेरमडोम यांना गुरुदीक्षा मिळाली. ते जन्मापासून कर्णबधिर आहेत आणि खुणांच्या भाषेत मिस्सा अर्पण करतात. भारतात असे पहिल्यांदाच घडले. आणि २०२२ च्या मे महिन्यापासून खुद्द पोप फ्रान्सिस गुडघ्याच्या दुखण्यामुळे व्हीलचेअरवर लोकांसमोर येऊ लागले. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते देवाघरी गेले तोवर तीन वर्षे जगाने त्यांना त्या खुर्चीत पाहिले. ते जिथे जात तिथे उतार आणि लिफ्टची सोय आधीच झालेली असे. त्यासाठी कोणी निधी नाही असे म्हटल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

संहितेतून ‘शोभेल’ हा शब्द गेला, आपल्या मनातून गेला नाही. दोन वर्षांपूर्वी टीचरनी वाचक म्हणून नाव दिले होते. त्यांचा आवाज स्वच्छ आहे, मराठी उत्तम आहे. कौन्सिलमध्ये चर्चा झाली. आम्ही तिथे होतो. एक जण म्हणाले, पायऱ्या कशा चढतील? दुसरे म्हणाले, चौघांनी खुर्ची उचलली तर चालेल, पण सगळ्यांसमोर बरे दिसणार नाही. तिसरे म्हणाले, त्यांनाच अवघड वाटेल, आपण कशाला त्यांना त्रास द्यायचा? तिसरे बोलले ते सगळ्यांना पटले. विषय संपला. टीचरना कोणी कळवलेदेखील नाही. त्रास कोणाला वाचवला? आम्ही आमचाच वाचवला आणि त्यांच्या नावावर लिहिला.

छपरातून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाची गोष्ट आठवते. चौघांनी घराचे छप्पर उकलले. घरमालकाचे काय झाले असेल, कौले कोणी पुन्हा बसवली, हे शुभवर्तमानात नाही. आपण त्या चौघांचे कौतुक करतो. पण दार अडवून बसलेली गर्दी कोणाची होती? ती प्रभूचे ऐकायलाच आलेली भाविक माणसे होती.

कायदाही आता स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले आणि सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येत धार्मिक कामासाठी वापरल्या जाणाऱ्या जागाही घेतल्या. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की या सोयी म्हणजे नुसत्या शिफारशी असून चालणार नाही, सक्तीचे नियम करावे लागतील. तरी कायद्याच्या धाकाने देवाच्या घरी उतार बांधावा लागला तर ती आपल्याला शोभा नाही. येथे हा शब्द योग्य वाटतो.

एका मित्राने आम्हाला विचारले की तुम्ही फार टोकाला जाता. प्रत्येकाला सर्व काही करता येत नाही हे मान्य नको का करायला? मान्य आहे. आंधळ्याने रिक्षा चालवावी असे कोणी म्हणत नाही. सगळा दोष पायऱ्यांचाच असतो असेही नाही. टीचरनीच सांगितले की पावसाळ्यात त्यांची कंबर अशी दुखते की कोणताही उतार त्यावर उपाय नाही, आणि अशा रात्री आपल्याला चालता यावे असे त्यांनाही वाटते. ते दुःख खरे आहे. त्याला गोड नावे देऊन ते कमी होत नाही. पण कंबर दुखते म्हणून त्यांना वाचन करता येत नाही असे नाही. वाचन करता येत नाही ते तीन पायऱ्यांमुळे. देहाचे दुखणे देवाकडे आणि डॉक्टरकडे न्यावे. पायऱ्या गवंड्याकडे न्याव्यात. आपण दोन्हींची सरमिसळ करतो आणि दोन्ही देवावर सोडतो.

अपंग माणसासाठी आपल्या मनात दोनच खुर्च्या असतात. एक भिकाऱ्याची, दुसरी वीराची. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवून आले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली आणि त्यांच्यावर सिनेमा निघाला २०२४ मध्ये. सिनेमा पाहून आपण रडलो. पण विरार लोकलच्या अपंगांच्या डब्यात धडधाकट माणसे जागा अडवून बसतात तेव्हा त्यांना उठवायला आपल्यातले किती जण तोंड उघडतात? कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन लिहिले आणि शेकडो अपंग मुलांसाठी संस्था उभारली. असे थोर लोक आहेत. पण ज्यांना थोर व्हायचे नाही, ज्यांना फक्त वेळेवर लोकल पकडून ऑफिसला जायचे आहे, शिकवणीची फी वसूल करायची आहे, कधीतरी चिडायचे आहे आणि रविवारी मिस्सेला उशिरा यायचे आहे, त्यांचे काय? आमच्या फोटोखालच्या ओळीत टीचरचे गणित कुठेच नव्हते. पाय होते आणि श्रद्धा होती. टीचर हसत म्हणाल्या, “श्रद्धा तर माझी अधूनमधून डळमळते. ते तुम्ही कशाला छापले?”

आम्ही त्यांची माफी मागितली. त्यांनी ती दिली, पण एका अटीवर. माफीचा लेख लिहाल तर माझा फोटो टाकू नका, आणि माझ्याबद्दल लिहिताना त्यात गणित येऊ द्या. म्हणून लिहितो, की गेल्या वर्षी त्यांच्याकडच्या अकरा मुलांपैकी नऊ जण गणितात ऐंशीच्या पुढे गेले, आणि उरलेल्या दोघांना त्या अजून रागावतात.

वाचनाचेही पुन्हा निघाले. गेल्या महिन्यात आमच्यापैकी दोघे त्यांच्या घरी गेलो आणि या वेळी विचारले. त्या म्हणाल्या, अजून इच्छा आहे. पायऱ्या होईपर्यंत खाली, पहिल्या बाकाजवळ माईक लावून वाचाल का, असे आम्ही सुचवले. त्यांनी थोडा विचार केला. एकदा वाचीन, म्हणाल्या. दुसऱ्यांदा खालून वाचणार नाही.

पुढच्या रविवारी, दुसऱ्या मिस्सेत, पहिले वाचन त्यांचे आहे. वाचनमंचाला लाकडी उतार करण्याचे गावातल्या सुताराचे अंदाजपत्रक आले आहे. त्याला एकूण जागा कमी पडते, म्हणून गायनमंडळाची पेटी हलवावी लागेल, आणि गायनमंडळ त्याला तयार नाही. त्याच दिवशी मिस्सेनंतर हॉलमध्ये कौन्सिलची बैठक आहे. ती सर्वांसाठी खुली आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या त्या मुलाची आई येणार आहे. हॉल पहिल्या मजल्यावर असल्याने बैठक या वेळी खाली, आंब्याच्या झाडाखाली ठेवली आहे. खुर्च्या लावायला हात हवे आहेत.